दिवाळीचा राग नाताळच्या झाडावर

«ताई,
मी सातारा जिल्ह्यातली निवृत्त शिक्षिका, वय 66. तीस वर्षं मराठी शिकवलं. दीड वर्षापूर्वी हे गेले. मुलगा लंडनला असतो, त्याच्या आग्रहाखातर दसरा झाल्यावर सहा महिन्यांसाठी आले. मुलगा-सून दोघंही नोकरीला, नातू सात वर्षांचा. इथे सकाळी आठ वाजले तरी काळोख आणि दुपारी चारला पुन्हा दिवे. मागे छोटी बाग आहे, पण एका झाडाला पान नाही. दिवसभर खिडकीत बसून असते. सकाळी अजूनही चहाचे दोन कप मांडले जातात, मग एक परत ठेवते.

यंदाची दिवाळी आली तशी गेली. कामाचा दिवस होता. पाकिटातला चिवडा आणि रात्री आठला दोन पणत्या. गेल्या शनिवारी सुनेने नाताळचं झाड काढलं, सोबत खोकंभर काचेचे गोळे, चांदण्या, दिव्यांच्या माळा. नातू म्हणाला, ‘आजी, सगळ्यात वरची चांदणी तू लाव.’ माझ्या तोंडून निघून गेलं, ‘हे आपलं नाही. दिवाळीला पणती लावायला वेळ नव्हता, याला बरा आहे.’ सून काही बोलली नाही. खोकं बंद करून जिन्याखाली ठेवून आली. आज चार दिवस झाले, झाड अर्धंच सजलेलं उभं आहे. नातू माझ्याकडे फिरकत नाही. तिकीट मार्चचं आहे. बदलून आत्ताच परत जाऊ का?
– एक आजी, हाउन्स्लो»

प्रिय बाई,

तीस वर्षं शाळेत गेली, म्हणून ‘बाई’च म्हणते.

तिकीट बदलू नका. आत्ता गेलात तर ते अर्धं झाड डोळ्यांसमोर घेऊन जाल. नातवाच्याही मनात तेच राहील की मी आजीला चांदणी लावायला सांगितली आणि आजी निघून गेली. सात वर्षांचं मूल असाच हिशेब मांडतं.

तुमचं चुकलं, हे तुम्हाला कळलेलं आहे. एरवी खोकं जिन्याखाली गेलेलं तुम्ही इतकं बारकाईने लिहिलं नसतं. पण तुमचा राग खोटा होता असं मी म्हणणार नाही. गेल्या वर्षी दुखवटा होता, घरात सण झाला नसेल. म्हणजे यांच्यामागे यंदाची ही पहिलीच दिवाळी करायची होती, आणि ती परक्या मुलखात, कामाच्या दिवशी, पाकिटातल्या चिवड्यावर झाली. हे दुःख मोठं आहे. फक्त ते ज्याला सांगायचं त्याला न सांगता भलत्याच ठिकाणी बाहेर पडलं. तुमच्या पत्रात सून आहे, नातू आहे, झाडसुद्धा आहे, पण मुलगा कुठे बोलताना दिसत नाही. पणतीचं तुम्ही सुनेला ऐकवलंत. त्याला का नाही ऐकवलंत? त्याच्याकडे शेवटी येते.

आधी सुनेचं. तिथे दिवाळीला सुट्टी नसते. ऑफिस, शाळा, परीक्षा, सगळं चालू असतं. 25 आणि 26 डिसेंबरला मात्र सरकारी सुट्टी, शाळा तर दोन आठवडे बंद. ती झाडाला वेळ देते कारण तिच्या हातात तेवढाच वेळ येतो. तीही कुणाची तरी लेक, आपल्या आईपासून लांब येऊन राहिलेली. घरात चार माणसं जमली, पोराला सुट्टी लागली, आता काहीतरी साजरं करू या, एवढंच तिच्या मनात असणार.

तर आज संध्याकाळी ती घरी यायच्या आत ते खोकं तुम्ही जिन्याखालून बाहेर काढून ठेवा. उघडू मात्र नका, ते तिचं आहे. ती आली की म्हणा, ‘त्या दिवशी दिवाळीचा राग मी झाडावर काढला. चुकलं माझं.’ एवढीच दोन वाक्यं. त्यापुढे ‘पण’ जोडू नका. आणि नातवाला विचारा, ती चांदणी अजून माझ्यासाठी ठेवली आहेस का?

‘हे आपलं नाही’ या तुमच्या वाक्याशी मात्र मी थोडी भांडणार आहे, कारण तुम्ही मराठी शिकवलंत. 1579 मध्ये थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज पाद्री गोव्यात आला. त्याच इंग्लंडमधून, जिथे आज तुम्ही खिडकीत बसला आहात. त्याला मराठीची इतकी गोडी लागली की त्याने ख्रिस्ताची अख्खी कथा मराठी ओव्यांत लिहिली, आणि 1616 मध्ये ती छापून निघाली. तो इथे येऊन ओवीत बसला, तर तुम्ही तिथे एक चांदणी लावायला हरकत नाही. वसईच्या नाहीतर गोव्याच्या ख्रिस्ती घरांत डिसेंबरात जाऊन बघा, नाताळ आपल्या मातीत किती मुरलेला आहे ते दिसतं.

म्हापशाला आम्ही भाड्याने राहत होतो तेव्हा घरमालकीण नाताळच्या दहा-बारा दिवस आधी नारळाच्या करवंट्यांत माती भरून नाचणी आणि गहू पेरायची. वर टोपली उपडी घालायची, रोज पाण्याचा हबका मारायची. कोवळे पिवळे कोंब वर आले की उजेडात ठेवायची. ते हिरवेगार झाले की गोठ्यात बाळ येशूच्या भोवती मांडायची, आणि त्या गवतात मातीच्या मेंढ्या उभ्या राहायच्या. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा उंबऱ्यातच थांबले. आमच्या घटाचं धन होतं ते, नवरात्रातलं! तेच गहू, तीच माती, तोच हबका. तिला सांगितलं तर पुढच्या वर्षी तिने एक करवंटी माझ्यासाठी जास्त पेरली.

बाई, हे तुम्हाला हातचं येतं. घरातले गहू रात्री भिजवा, 13-14 डिसेंबरपर्यंत पसरट भांड्यात दोन बोटं मातीत पेरा आणि उबेच्या खोलीतल्या खिडकीत ठेवा. हीटरच्या अगदी डोक्यावर नको, माती सुकून जाते. नाताळपर्यंत चार बोटं वर येतील. नातवाला पाणी घालायला लावा, रोज पट्टीने मोजून वहीत लिहू द्या. 25 तारखेला ते झाडाच्या बुंध्याशी ठेवा. तुमच्या हातची एक वस्तू त्या सजावटीत येईल. घरात गहू नसले तर मेथ्या पेरा, त्या आठवडाभरातच रुजून वर येतात आणि नंतर थालीपिठात घालता येतात.

आता बाग. एका झाडाला पान नाही असं तुम्ही लिहिलंत. पण एकदा जवळ जाऊन फांदीच्या टोकाला बोट लावून पाहा. टणक, टोकदार डोळे लागतील. पुढच्या वसंताची पानं त्यात आत्ताच घडी घालून ठेवलेली असतात. सुनेला किंवा मुलाला विचारा, मातीत कांदे पुरलेत का. ट्युलिपचे कांदे तिथे नोव्हेंबरात लावतात, आणि विचारल्याशिवाय खणलंत तर नेमके तेच कुदळीखाली यायचे. एखादा कोपरा मागून घ्या आणि लसूण लावा. जमीन गोठलेली नसली तर डिसेंबरातही चालतं. एकेक पाकळी, टोक वर, बोटभर खोल. लसणाला थंडी हवीच असते. ती मिळाली नाही तर पाकळ्या सुट्या न होता एकच गोळा कांदा होतो. आपण रब्बीत लावतो तेही याचसाठी.

माती उकरायला लागलात की पाचएक मिनिटांत एक पाहुणा येईल. चिमणीएवढा, गोल गरगरीत, छाती आणि चेहरा नारिंगी, पाय काडीसारखे. हा रॉबिन. नाताळच्या शुभेच्छापत्रांवर असतो तोच. तुम्ही खुरप्याने ढेकूळ उलटलं की हा हातभर अंतरावर येऊन उभा राहतो, मान तिरपी करतो, आणि गांडूळ दिसलं की तुमच्या खुरप्याआधी उचलतो. आपला दयाळ परसात असाच अळ्या-किडे टिपत फिरतो, पण तो इतका बिनधास्त नसतो. बहुतेक पक्षी थंडीत गप्प होतात, रॉबिन मात्र गातो, नरही आणि मादीही, कारण हिवाळ्यात दोघं आपापला इलाका वेगळा राखतात. पहाटेच्या काळोखात रस्त्याच्या दिव्याखाली कुणी एकटं गाताना ऐकू आलं तर बहुधा तोच.

त्या खिडकीबाहेर दाण्यांचा फीडर टांगून घ्या. सोललेले सूर्यफुलाचे दाणे त्यात सगळ्यांना चालतात. रोज पानातली चार शितं ठेवायची सवय असेल तर शिजलेला भातही चालेल, पण मीठ आणि फोडणी अजिबात नको, मीठ त्यांना बाधतं. जमिनीवर टाकू नका, उंदीर येतात. फीडर दर आठवड्याला धुवा, कारण एकाच ठिकाणी खाऊन पक्ष्यांत रोग पसरतात. बाहेर एक ताटली पाण्याची, आणि सकाळी त्यावर बर्फाची पापडी धरली असेल तर ती फोडणं हे तुमचं काम.

जानेवारीच्या शेवटाकडे एका शुक्रवार ते रविवारात तिथे घरोघर पक्षी मोजतात. पक्षी संरक्षणाचं काम करणारी आरएसपीबी ही संस्था 1979 पासून हे करून घेते आहे, आणि लाखो माणसं त्यात भाग घेतात. नियम सोपा आहे. एक तास खिडकीत बसायचं, बागेत उतरलेले पक्षी मोजायचे, नुसते वरून उडून गेलेले धरायचे नाहीत. एका जातीचे एका वेळी जास्तीत जास्त किती दिसले तो आकडा लिहायचा, म्हणजे तोच पक्षी दोनदा मोजला जात नाही. वही नातवाकडे, नजर तुमची. आणि या मोजणीत वर्षानुवर्षं पहिला नंबर कुणाचा येतो? आपल्या चिमणीचा. तीच जात, तीच चिवचिव. तिचं मराठी नाव नातवाला तुमच्याकडूनच कळू दे.

आणखी एक ओळखीचा आहे, तो तुम्हाला कदाचित दिसलाही असेल. हिरवा, लांब शेपटीचा, लाल चोचीचा, मानेला गुलाबी कंठ. हो, आपला पोपटच. पाळलेले सुटले, सोडले गेले, आणि आता लंडनच्या पश्चिम भागात त्यांचे थवे आहेत. रिचमंड पार्क तुमच्यापासून जवळ, आत जायला पैसे नाहीत. निष्पर्ण ओकच्या ढोलीतून हिरवं डोकं बाहेर येतं, खाली गवतावर हिमाची पांढरी साय असते. तो इतक्या थंडीत टिकला आहे, मग तुम्ही का टिकणार नाही? एक शनिवार चौघं तिकडे जा. क्यू गार्डन्सही जवळच आहे. तिकीट लागतं, पण उष्ण प्रदेशातल्या झाडांच्या काचघरात शिरलात की चष्म्यावर वाफ धरते आणि ओल्या मातीचा वास येतो, तेवढ्यासाठी जावं. ज्वारीवर उतरणारे भोरड्यांचे थवे तुम्ही गावी पाहिले असतील, तर त्यांचे भाऊबंद ब्रायटनच्या समुद्रावर थंडीत रोज संध्याकाळी तसेच आभाळभर वळसे घेतात. मध्य लंडनहून रेल्वेने तासाभराची वाट आहे.

नाताळाच्या आधी एकदा ट्रफल्गार चौकातलं झाड बघून या. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने मदत केली त्याची आठवण म्हणून नॉर्वेची माणसं 1947 पासून दरवर्षी ते पाठवतात. 25 तारखेला मात्र कुठे जायचं ठरवू नका, त्या दिवशी लंडनमध्ये बस आणि भुयारी रेल्वे बंद असते, मोठी दुकानंही बंद. दूध 24 लाच आणून ठेवा. फिरायला 26 चा दिवस चांगला, त्या दिवशी सगळं गाव पायी बाहेर पडतं. 5-6 जानेवारीला झाड उतरवतात, आणि आठ-नऊ दिवसांत संक्रांत येते. ती तुमच्या ताब्यात मागून घ्या. भोगीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, तिळगूळ. झाड उतरवायला तुम्ही हात लावला असेल तर तिळगूळ वळायला सून आपणहून बसेल.

अंधाराचं थोडं सांगते. तिथे सूर्य सगळ्यात लवकर मावळतो तो 12-13 डिसेंबरच्या सुमाराला. त्यानंतर संध्याकाळ हळूहळू लांबू लागते, आणि जानेवारी सरता सरता पावणेपाचपर्यंत उजेड असतो. तोवर रोज दुपारी बारा ते दोनच्या मध्ये अर्धा तास बाहेर पडा. चपला नको, जाड मोजे आणि बूट. तिथल्या थंडीतला सूर्य डी जीवनसत्त्व देण्याइतका वर येत नाही, म्हणून सरकारच सगळ्यांना हिवाळाभर रोज 10 मायक्रोग्रॅमची गोळी घेण्याचा विचार करायला सांगतं. आधीपासून काही औषधं चालू असतील तर विचारून घ्या. आणि हे सगळं करूनही दोन आठवड्यांनी झोप नाही, जेवण जात नाही, उठावंसंच वाटत नाही असं राहिलं, तर मुलाला सांगून डॉक्टरांकडे जा. त्यात कमीपणा मानू नका.

चहाच्या दोन कपांबद्दल मी काही करायला सांगणार नाही. इतक्या वर्षांची हाताची सवय दीड वर्षात जात नाही, आणि ती घालवायलाच हवी असंही नाही. पण तो दुसरा कप परत ठेवताना तुमच्या मुलाने कधी पाहिलं आहे का? त्याचेही वडील गेलेत. तेरावं झाल्यावर तो विमानात बसला असेल आणि सोमवारी कामावर हजर झाला असेल. दिवाळीच्या रात्री त्या दोन पणत्यांसमोर त्याला काय आठवलं, हे तुम्ही दोघं एकमेकांशी बोललाच नाहीत. येत्या रविवारी नातू आणि सून उठायच्या आत त्याला हाक मारा. बाहेर काळोखच असेल, असू दे. दुसरा कप त्याच्या हातात द्या आणि यांच्याबद्दल काहीतरी सांगायला लागा, त्याच्या लहानपणीच्या एखाद्या दिवाळीतलं. दिवाळीचं मग त्यातूनच निघेल.

तुमची,
ताई