जर्मन सेडान की वेफर्सची व्हॅन?

प्रश्न : भाऊ नमस्कार. आमचा फैजपूरला केळीच्या वेफर्सचा धंदा आहे, मी न बायको मिळून बघतो, जीएसटी रेग्युलरमध्ये भरतो. आठवड्याला तीन फेऱ्या भुसावळ-जळगाव होतात, टेम्पोवाला फेरीचे १,८०० घेतो. यंदा प्लॉट विकला, त्याचे १५ लाख हातात आहेत. पुण्यात एक जर्मन सेडान बघितली, २०१७ ची, डिझेल ऑटोमॅटिक, क्रीम कलरचं लेदर, सनरूफ. नवी असताना पन्नासच्या आसपास होती, आता साडेचौदाला देतोय. सासरवाडीत, लग्नकार्यात जरा मान राहतो हो. बायको म्हणते आधी मालाची व्हॅन घ्या, तिनं टेम्पोभाड्याची वही आणून पुढ्यातच ठेवली. काय करू?
— एक वाचक, फैजपूर

उत्तर : दादा, वहिनींनी वही काढली तिथंच अर्धं उत्तर मिळालं, पण तुमचं मन पुण्यात अडकलंय म्हणून उरलेलं अर्धं सविस्तर लिहितो.

सेडानला मी नावं ठेवणार नाही, कारण असली एक जुनी जर्मन मी स्वतः चार वर्षं बाळगलीय (कंपनी विचारू नका, घ्यायची हौस माझीच होती). हायवेला लागली की पोटातलं पाणी हलत नाही, ते खरंच. पण मे महिना, दुपारचे दोन, चोपड्याच्या अलीकडे एका खड्ड्यात टायरची बाजू फाटली. पंक्चरवाला पोरगा जॅक घेऊन आला, डिक्की उघडली, कार्पेट वर केलं, मग रस्त्यावर आडवा होऊन खालून पण बघितलं न मला म्हणे, "साहेब, स्टेपनी कोठे शे?" आता त्याला काय सांगू की या गाडीत स्टेपनी येतच नाही. रनफ्लॅट टायर असतात, हवा गेली तरी सावकाश ऐंशीएक किलोमीटर नेतात, पण बाजूच फाटली की ती पण सोय संपली. त्या मापाचा टायर जळगावात मिळाला नाही, नाशिकहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिक्कीतून मागवला, एका टायरचे २२ हजार, न गाडी दोन दिवस रसवंतीच्या मंडपाशेजारी उभी. रसवंतीवाला खूश होता, लोक गाडीजवळ फोटो काढायला थांबायचे न रस पिऊन जायचे.

सांगायचं हे की जुन्या गाडीचा भाव उतरतो, तिच्या पार्ट्सचा उतरत नाही. साडेचौदाला घेतली तरी एअर सस्पेन्शन असेल तर ते, गिअरबॉक्स, हेडलाइट, सगळं पन्नास लाखांच्याच गाडीचं बिल देणार, न आपल्याकडचा उन्हाळा ४५ च्या वर गेला की रबराचे पार्ट्स, एसी, बॅटरी आधी मान टाकतात. २०१० ला औरंगाबादच्या मंडळींनी एका फटक्यात दीडशेच्या आसपास मर्सिडीज घेतल्या होत्या, पेपरात गाजलं होतं. पण दीडशे गिऱ्हाईक एका गावात असले की कंपनी दारात येते, फैजपुरात तुम्ही एकटे. न अजून एक, क्रीम लेदर म्हणालात. केळीचा चीक कापडाला लागला तर काय होतं ते वहिनींना विचारा. माझ्या भाच्यानं एकदा डिक्कीत घड ठेवला होता फक्त, तो डाग गाडी विकेपर्यंत गेला नाही.

आता व्हॅन. इथं पण लोक एक चूक करतात, टनाच्या मागे लागतात. शेजाऱ्यानं १,७०० किलोवाली पिकअप घेतली म्हणून आपण पण घ्यायची. अहो त्याच्याकडे केळी आहेत, तुमच्याकडे वेफर्स! वेफर्सची गोणी फुगलेली दिसते पण वजनाला हलकी, तुमची गाडी वजनानं नाही जागेनं भरणार. तुम्हाला टन नको, बंद बॉडी पाहिजे, कारण उघड्या हौद्यात ताडपत्रीखाली दुपारभर माल तापला की तेलाचा वास मारतो, पावसात तर विचारूच नका. म्हणून ईको कार्गोसारखी बंद व्हॅन किंवा छोट्या हत्तीवर बंद कंटेनर. घेण्याआधी एक काम करा, तुमच्या एका फेरीच्या गोण्या अंगणात रचा, लांबी-रुंदी-उंची टेपनं मोजा न तो कागद घेऊन शोरूमला जा. सेल्समन किलोमध्ये बोलेल, तुम्ही फुटात बोला.

हिशोब पण करून टाकू. फेऱ्यांचं तुमचं भाडं महिन्याला २३ हजारांच्या थोडं वर जातं. स्वतःची व्हॅन असली तर शंभरेक किलोमीटरच्या फेरीला पेट्रोलचे ७५० धरा, तेरा फेऱ्यांचे पावणेदहा हजार, इन्शुरन्सचे महिन्याला अडीच, टायर-सर्व्हिस-सटरफटर दोन. म्हणजे सव्वाचौदा. वाचले नऊ. ऑनरोड सहाच्या आसपासची व्हॅन रोखीनं घेतली तर पैसे फिटायला साडेपाच वर्षं जातात, न कर्जानं घेतली तर हप्ता ती नऊची बचत जवळजवळ खाऊन टाकतो. म्हणून हप्ता नको, हातात पैसे आहेत तर रोखीनं घ्या. साडेपाच वर्षं ऐकून तोंड पाडू नका, वहीत न दिसणारा फायदा वेगळाच आहे. लग्नसराईत टेम्पोवाला तुमचा माल सोडून वरातीचा बँड वाहायला जातो का नाही? न गाडी दारात असली तर उरलेल्या दिवसांत अमळनेर, पारोळा, चोपडा करता येईल, नवीन दुकानं लागतील.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाडीवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झालाय, न तुम्ही रेग्युलरमध्ये असल्यामुळं तो इनपुट क्रेडिटमध्ये घेता येतो, म्हणजे तुम्ही भरायच्या जीएसटीतून वळता होतो. सहाच्या व्हॅनवर साधारण ७५ हजार होतात, तुमच्या सीएला विचारून घ्या, सेडानवर हे मिळत नाही. एकूण वजन ३,००० किलोच्या आतल्या मालगाडीला परमिट लागत नाही. फिटनेस नव्या गाडीला दोन वर्षं, मग आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढं दरवर्षी. आता गंमत ऐका, थर्ड पार्टी इन्शुरन्सचा २०२२ ला ठरलेला दर दीड हजार सीसीच्या वरच्या खाजगी कारला ७,८९७ आहे न छोट्या मालवाहू गाडीला १६,०४९, जीएसटी वेगळा. म्हणजे तुमच्या व्हॅनचा थर्ड पार्टी त्या जर्मनच्या दुप्पट! म्हणून काही जण पांढऱ्या प्लेटची पाच सीटर घेऊन मागची सीट काढतात न माल भरतात. नका करू, अपघात झाला की इन्शुरन्सवाला आधी गोण्यांचा फोटो काढतो न मग हात वर करतो. पिवळी प्लेटच घ्या.

मानाचं राहिलं. कार्गो व्हॅनला सीटा दोनच, सासरवाडीला पोराबाळांना घेऊन जायला ती कामाची नाही, हे मी मान्य करतो. उरलेल्या नवातले तीन धंद्यात ठेवा, न व्हॅन सहा महिने चालवून बघून मग पाच-सहाची साधी, भुसावळात रिपेअर होणारी सेडान बघा, गरज वाटली तर. पुण्याच्या दुकानदाराला टोकन दिलं असेल तर आजच फोन करा.

प्रश्न : माझ्याकडे साधं कारचं लायसन्स आहे, पिवळ्या प्लेटचा छोटा हत्ती चालवला तर चालतं का? पोलीस वेगळं सांगतात, एजंट वेगळं.
— एक वाचक, शिरपूर

उत्तर : चालतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं सांगून टाकलंय, एलएमव्ही (म्हणजे तुमच्या साध्या कारच्या) लायसन्सवर ७,५०० किलोच्या आतली ट्रान्सपोर्ट गाडी चालवता येते, वेगळा शिक्का नको. एजंट पैसे मागत असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

प्रश्न : आमची पिकअप आहे. सारंगखेड्याच्या यात्रेला गल्लीतली दहा-बारा पोरं मागे बसवून न्यायची म्हणतो. इन्शुरन्स फुल आहे.
— एक वाचक, शहादा

उत्तर : फुल म्हणजे त्या पोरांचा नाही. मालाच्या गाडीत मालाचा मालक किंवा त्याचा माणूस चालतो, मागच्या हौद्यात हौसेनं बसलेल्यांना पॉलिसी धरत नाही, काही झालं तर भरपाई तुमच्या शेतावर येते. केबिनमध्ये आरसीवर जेवढ्या सीटा आहेत तेवढेच बसवा, बाकीच्यांना एसटीनं पाठवा, न पिकअप न्यायचीच असेल तर येताना यात्रेतून बैलांचा साज, घुंगरं वगैरे आणायला न्या.