जुनी दिवाळीची, नववर्षाची शुभेच्छापत्रं रद्दीत टाकवत नाहीत. त्यांचा काही कल्पक उपयोग करता येईल का?

येईल. पण तुम्ही लिहिलंय, पिशवीभर कार्डं निघाली आहेत आणि दिवाणखान्यात लावण्यासारखं काही करायचा विचार आहे. तेवढं करू नका. कार्डांचं तोरण, भिंतीवरचा पंखा, कुंडीतली कागदी फुलं, हे सगळं चार महिन्यांत धूळ धरतं, आणि मग मेहनत घेतली म्हणून तेही टाकवत नाही. कार्ड कुणाच्या तरी हातात पडून झिजलं पाहिजे. हे मी ठामपणे सांगू शकते, कारण माझी शाळा बरीच वर्षं अशा कार्डांवर चालली आहे.

यवतमाळ जिल्ह्यात झरी-जामणी तालुक्यातल्या एका कोलाम पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. पहिली ते चौथी, दोन शिक्षक. पोरांच्या घरी कोलामी, पुस्तक मराठी. पहिलीतली लेकरं दिवाळीपर्यंत तोंड उघडत नसत. ती मुकी नव्हती, शाळेबाहेर पाखरांसारखी किलबिलत असायची. वर्गात आली की गप्प.

माझा भाऊ नागपूरला एका ऑफिसात होता. तेव्हा ऑफिसांत दिवाळीला आणि नवीन वर्षाला कार्डांचे गठ्ठे यायचे. युनिसेफची, मुलांसाठी काम करणाऱ्या क्राय संस्थेची, तोंडानं आणि पायानं चित्रं काढणाऱ्या कलाकारांची, एकाहून एक सुंदर. जानेवारी सरला की सगळी रद्दीत. मी त्याला म्हटलं, "दादा, फेकू नको, मले पाठव." मग दर फेब्रुवारीत एसटीनं पिशवी यायची. युनिसेफचं पहिलं कार्ड 1949 साली निघालं, ते चेकोस्लोव्हाकियातल्या सात वर्षांच्या एका मुलीच्या चित्राचं होतं. महायुद्धानंतर तिच्या गावाला मदत मिळाली, म्हणून तिनं आभाराचं चित्र काढलं होतं. लेकरानं काढलेल्या चित्रापासून सुरू झालेली ही कार्डं शेवटी लेकरांच्याच हातात येत होती, याचं मला फार बरं वाटायचं.

त्या पिशवीत एकदा परदेशी नाताळचं कार्ड आलं. लाकडी घर, खिडकीत पिवळा उजेड, छपरावर हातभर बर्फ, आजूबाजूला बर्फानं वाकलेली झाडं. सवयीप्रमाणे मी कार्डं जमिनीवर पसरली आणि पोरांच्या मध्ये बसले. पहिलीतल्या एका मुलीनं त्या छपरावर बोट ठेवलं आणि कोलामीत काहीतरी बोलली. वर्गात ती पहिल्यांदाच बोलत होती. चौथीतल्या पोरानं मला सांगितलं, "बाई, ते म्हंते का यांच्या घरात कापूस मावला नाही, म्हून छपरावर ठेवला."

मग काय, सगळी बोलायला लागली. इकला काऊन नाही? भाव नाही म्हून. मग घरातली माणसं झोपतात कुठं? अंगणात, कापसानं आंग खाजवते. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, भाव पडले की आमच्याकडे कापूस घरातच भरून ठेवतात. खोली आढ्यापर्यंत पांढरी होते आणि माणसं ओसरीत येतात. त्या पोरांनी हे दर वर्षी पाहिलेलं होतं. मी कार्डाच्या मागच्या कोऱ्या भागावर त्यांचीच वाक्यं मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिली. "घरात कापूस आहे. भाव नाही. आई अंगणात झोपली." त्या मुलीनं वाचलेला पहिला धडा हा. पाठ्यपुस्तकातला नव्हे.

तपासणीला एक साहेब आले. दोरीवर चिमट्यांनी लावलेली कार्डं पाहून म्हणाले, "बाई, हा काय कचरा टांगला?" त्यांनी नेमकं ते कार्ड काढलं, मागचं वाचलं आणि म्हणाले की हा बर्फ आहे, तुम्ही मुलांना चुकीचं ज्ञान देता. पुढचा प्रश्न बिलाचा. सर्व शिक्षा अभियानात शैक्षणिक साहित्यासाठी दर शिक्षकाला वर्षाला 500 रुपये मिळायचे. त्याचे छापील तक्ते का नाही आणले? मी दोऱ्या, चिमटे, पुठ्ठे, मार्कर आणले होते, त्याची पावती दाखवली. कार्डांची पावती कुठून आणणार? शेरेबुकात शेरा पडला, "साहित्य दर्जाहीन."

मी तेव्हाही त्यांच्यासमोर बोलले आणि आजही तेच म्हणते. छापील तक्ता फाटू नये म्हणून आपण तो उंचावर ठोकतो. त्यावर जहाज असतं, विमान असतं, आणि लेकरू खालून मान वर करून पाहतं. त्याला हात लावता येत नाही, तो उलटा करता येत नाही, त्यावरून भांडता येत नाही. बर्फ मी शिकवला नाही असं नाही. आठवडी बाजारात गोळेवाला बर्फ किसतो, तो सगळ्यांनी पाहिलेला. तसा बर्फ आभाळातून पडतो म्हटल्यावर पोरांना पाच मिनिटांत कळलं. पण ज्या दिवशी ती मुलगी कापूस म्हणाली, त्या दिवशी तिला "चूक" म्हटलं असतं, तर ती पुन्हा दिवाळीपर्यंत गप्प झाली असती. साहेबांना हे पटलं नाही. बदलीपर्यंत कार्डं मी काढली नाहीत.

आता तुमच्या पिशवीचं. घडीवर कार्ड कापा, चित्राचा भाग आणि लिहिलेला भाग वेगळा करा. चित्राचे भाग वर्गासाठी. बरीच असली तर थोड्यांचे तिळगुळाचे डबे करा, संक्रांतीच्या वाणाला छान दिसतात. चित्राचा भाग झाकणाला, दुसरा कोरा असेल तर तळाला. तळाच्या भागाची लांबी-रुंदी 3-3 मिलिमीटर कमी करा, नाहीतर झाकण बसत नाही. चारही कडांपासून अडीच सेंटिमीटरवर पट्टी ठेवून रिकाम्या रिफिलनं दाबून रेघ ओढा. अशी रेघ ओढली की घडी सरळ पडते, कार्ड फुटत नाही. मग दोन समोरासमोरच्या बाजूंना रेघा एकमेकींना छेदतात तिथपर्यंत दोन-दोन काप द्या, कडा उभ्या करा आणि कोपऱ्याचे तुकडे आत वळवून चिकटवा. डिंक किंवा मैद्याची खळ, दोन्ही चालतात.

चकचकीत, प्लास्टिकचा थर असलेल्या कार्डांत नक्षी कोरली की रांगोळीचे छाप होतात. ओले झाले तरी लवकर खराब होत नाहीत. सोनेरी भाग तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लेकरांच्या पोळ्याला, लाकडी बैलाच्या झुलीला लावा. भुलाबाईच्या मखराला, ज्वारीच्या धांड्यांना, आमच्या मुली ही चित्रं बांधायच्या.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या, त्या इथे सांगते. वाजणारं कार्ड असेल तर आतला बटणासारखा सेल काढल्याशिवाय लहान पोरांच्या हाती देऊ नका, गिळला तर जिवावर बेततं. चमकी लावलेल्या कार्डाचा डबा खाण्याच्या वस्तूला वापरू नका आणि अशी कार्डं चुलीत घालू नका. कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात, पण ते विष आहे, शाळेच्या कामाला नको. गणपती-लक्ष्मीचं चित्र असेल तर कात्री लावू नका, अख्खं ठेवा, कुणाचं मन दुखवण्यात अर्थ नाही. आई-वडिलांना कुणी हातानं दोन ओळी लिहिल्या असतील तर तो भाग घरीच ठेवा, पण लाकडी पेटीत नको, उदई, म्हणजे वाळवी, लागते. पत्र्याच्या डब्यात ठेवा.

बाकीची पिशवी जवळच्या जिल्हा परिषद शाळेत नेऊन द्या, आणि पहिलीच्या बाईंच्या हातातच द्या. ऑफिसच्या कपाटात गेली तर ती तिथेच राहील. कार्डांमागे शब्द, वाक्यं, पाढे असं काहीही लिहून देऊ नका. पोरं बोलतील ते लिहायला ती जागा कोरी हवी. पिशवीत एक जाड मार्कर मात्र टाका, गुळगुळीत कागदावर बॉलपेन उमटत नाही.