व्होल्टेज आणि करंट मोजूनही मोटरचा रोध आणि वॉट सूत्राने का जुळत नाहीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तासगावजवळ बोअरवर ५ एचपीची थ्री फेज सबमर्सिबल आहे. मोटर चालू असताना दोन फेजमध्ये ४०० व्होल्ट, प्रत्येक वायरीत ९ अँपिअर. शाळेतल्या सूत्राने रोध ४०० ÷ ९ म्हणजे ४४ ओहम, शक्ती ४०० × ९ म्हणजे ३६०० वॉट. पण मोटर बंद करून स्टार्टरवर मल्टिमीटर लावला तर दोन फेजमध्ये ४ ओहमच दिसतात. मग ४०० ÷ ४ = १०० अँपिअर का येत नाहीत?

मीटर बरोबर आहे, ओहमचा नियमही बरोबर आहे. मोटरला हीटर समजलात, घोळ तिथे झाला.

पाणी तापवायचा १५०० वॉटचा रॉड घ्या. २३० व्होल्टवर करंट १५०० ÷ २३० = ६.५ अँपिअर, रोध २३० ÷ ६.५ = ३५ ओहम. रॉड थंड असताना मल्टिमीटर लावलात तरी जवळपास हाच आकडा येतो, कारण त्यातल्या नायक्रोम तारेचा रोध तापल्यावर फारसा बदलत नाही. व्होल्टेज २०० झालं तर करंट ५.७ वर येतो आणि शक्ती २०० × २०० ÷ ३५ म्हणजे ११४० वॉटच्या आसपास. व्होल्टेज १३ टक्के घटलं, उष्णता जवळजवळ २५ टक्के. (जुना पिवळा बल्ब मात्र फसवतो. १०० वॉटच्या बल्बचा पेटलेला रोध ५२९ ओहम असतो आणि थंड तारेचा त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी.)

मोटरच्या वाइंडिंगचे (आत गुंडाळलेल्या तारेचे) ओहम म्हणजे नुसत्या तांब्याचा रोध. ती तार लोखंडावर गुंडाळलेली असते. एसीचं चुंबकीय क्षेत्र सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होतं आणि त्याच तारेत उलट दिशेचं व्होल्टेज तयार करतं. आलेल्या व्होल्टेजचा मोठा भाग त्याला तोंड देण्यातच जातो. स्टार जोडणीत (तिन्ही वाइंडिंगचं एकेक टोक एकत्र जोडलेलं) एका वाइंडिंगवर ४०० ÷ १.७३२ = २३१ व्होल्ट येतात. तांब्याचा रोध प्रत्येकी २ ओहम धरला तर ९ अँपिअरला त्यातले फक्त १८ व्होल्ट लागतात. तुमच्या दोन टोकांना ४०० व्होल्टचा डीसी दिला तर मात्र खरोखर १०० अँपिअर वाहतील आणि वाइंडिंग जळेल. रोटर (मोटरचा फिरणारा भाग) थांबलेला असतो तेव्हाही ही उलट अडवणूक कमी पडते, म्हणून सुरू होताना क्षणभर ५–६ पट करंट येतो. वाळूने पंप जाम झाला तर तो क्षण संपतच नाही. ओव्हरलोड रिले (करंट जास्त वाहिला की मोटर बंद करणारा) नीट सेट हवा तो यासाठी.

आता वॉट. थ्री फेजला सूत्र १.७३२ × व्होल्टेज × करंट × पॉवर फॅक्टर (व्होल्टेज आणि करंटच्या गुणाकारातला खरं काम करणारा हिस्सा). पॉवर फॅक्टर ०.८ धरला तर १.७३२ × ४०० × ९ × ०.८ = साधारण ५००० वॉट. मोटरच्या पाटीवरचे ५ एचपी म्हणजे ३७३० वॉट ही शाफ्टवर मिळणारी शक्ती. मधला फरक मोटर तापण्यात आणि घर्षणात जातो. ०.८ हा आकडा अंदाजाचा आहे. विजेचा मीटर असेल तर तो पडताळता येतो: मीटरवर ‘इम्प/केडब्ल्यूएच’चा आकडा (एका युनिटला दिवा किती वेळा लुकलुकतो) छापलेला असतो. तो ८०० असेल आणि एका मिनिटात लाल दिवा ६७ वेळा लुकलुकला, तर ३६०० × ६७ ÷ (६० × ८००) = ५.०३ किलोवॉट. मोजताना त्या मीटरवर दुसरं काही चालू नको.

फीडरला (शिवाराच्या वीजवाहिनीला) लाइट आली की शिवारातल्या सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात आणि व्होल्टेज ३४० वर येतं. हीटरचा करंट अशा वेळी घटतो. मोटरचा वाढतो, कारण पंपाला काम जवळपास तेवढंच करायचं असतं. ९ चे १०.५ अँपिअर झाले तर वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने, म्हणजे ३६ टक्के वाढते. वाइंडिंग जळण्याचं हे एक मोठं कारण आहे.

तुमचा रोध-हिशेब खरा कामाला येतो तो केबलसाठी. समजा मीटरच्या पेटीपासून बोअरपर्यंत ३०० मीटर, ४ स्क्वेअर एमएम ॲल्युमिनियम (०.०२८ म्हणजे त्याच्या एक मीटर, एक स्क्वेअर एमएम तारेचा रोध): ०.०२८ × ३०० ÷ ४ = २.१ ओहम प्रत्येक वायरीला. ९ अँपिअरला १९ व्होल्ट, दोन फेजमध्ये १.७३२ पट म्हणजे ३३ व्होल्ट गायब. तिन्ही वायरींत मिळून ३ × ९ × ९ × २.१ = ५१० वॉट नुसती जमीन तापवतात. १० स्क्वेअरची केबल टाकली तर हेच १३ व्होल्ट आणि २०० वॉटवर येतं. साडेसात एचपीपर्यंत बिल माफ असल्याने कुणी हे मोजत नाही, पण जळलेली मोटर भरायचा (वाइंडिंग नव्याने गुंडाळायचा) खर्च काही माफ नाही.

मोजताना व्होल्टेज मोटर चालू असतानाच घ्या, पेटीत आणि स्टार्टरवर दोन्हीकडे. बंद मोटरवर केबलचा तोटा दिसतच नाही. टंगटेस्टरमध्ये (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजायच्या मीटरमध्ये) एकच वायर घ्या. तिन्ही एकत्र घेतल्या तर शून्य दिसेल आणि मीटर बिघडला असं वाटेल. ओहम मोजण्याआधी मेन बंद करून फ्यूज काढून खिशात ठेवा. मीटरच्या पिना एकमेकींना टेकवून येणारे ०.३–०.४ ओहम वजा करा. शिवाय तुमच्या ४ ओहममध्ये बोअरमधली केबलही आहे: ६० मीटर, २.५ स्क्वेअर तांबं असेल तर जाऊन-येऊन ०.८४ ओहम. म्हणजे वाइंडिंग तीनच्या आसपास. तीन जोड्यांचे आकडे सारखे असले की झालं. एका जोडीत ४ आणि उरलेल्या दोन्हींत त्याहून बराच कमी आकडा आला तर आतल्या आत वेढे चिकटले असण्याची शक्यता मोठी. अर्थला गळती आहे का हे मल्टिमीटरवर ठरवू नका, वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) तपासून घ्या; एक मेगाओहमच्या खाली आलं तर मोटर चालू न करता वर काढा.