मटण सुटले, अबोला सुटला नाही

प्रश्न : दर वर्षी राखेच्या बुधवारपासून, म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवसापासून, ईस्टरपर्यंत आमच्या घरी मटण-मासे बंद असतात आणि संध्याकाळची प्रार्थना मी चुकवत नाही. परंतु वडिलांच्या घराच्या वाटणीवरून धाकट्या भावाशी तीन वर्षे अबोला आहे. देवाजवळ रोज क्षमा मागूनही मन हलके होत नाही. आत्मपरीक्षण नेमके कसे करावे? आणि त्या बुधवारी कपाळाला राख लावली नाही, तर पश्चात्ताप अपुरा राहतो का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : राखेचे आधी सांगतो. १८५२ साली अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले, त्यांचे मिशन पुढे प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाकडे गेले आणि त्या परंपरेत राख लावण्याची चाल नव्हती. त्यामुळे आपल्याकडच्या कित्येक जुन्या घरांना ती परकी वाटते. लावणाऱ्याने श्रद्धेने लावावी, न लावणाऱ्याने मनात किंतू ठेवू नये. वस्त्रे नव्हे, हृदये फाडा, असे बायबलमधला योएल संदेष्टा सांगतो.

आपला खरा प्रश्न भावाचा आहे, आणि तो आपण स्वतःच पत्रात लिहिलात, हीच आत्मपरीक्षणाची सुरुवात आहे. ‘प्रभू, माझ्या पापांची क्षमा कर’ असे म्हणणे सोपे असते, कारण त्यात कोणाचे नाव नसते. ‘अमुक दिवशी, सर्वांच्या देखत, मी भावाला लबाड म्हणालो’ असे म्हणताना मात्र जीभ अडखळते. जिथे ती अडखळते तिथेच थांबावे. एक वही घ्या आणि त्या भांडणात आपण काय बोललात, काय लपवलेत, एवढेच लिहा. भावाचे दोष त्या वहीत येऊ देऊ नका. ते आपल्याला तोंडपाठ असणारच.

उपवासाचा उपयोग इथे होतो. सध्या आपल्या भागात गुऱ्हाळे चालू आहेत. काहिलीत रस तापू लागला की त्यात भेंडीचे पाणी घालतात आणि मळी वर येते. थंड रसात ती दिसतही नाही. उपवासही मनातली मळी अशीच वर आणतो. गेल्या वर्षी मी चहा सोडला होता. तिसऱ्या सकाळी पत्नीने वीजबिल भरले का, एवढेच विचारले आणि मी तिच्यावर ओरडलो. हातातले भांडे ओट्यावर ठेवून ती काही न बोलता आत गेली. तो राग चहावाचून आला, अशी मी दुपारपर्यंत स्वतःची समजूत घालत होतो. खरे तर तो आधीपासूनच आत होता, चहाने झाकला जात होता एवढेच. संध्याकाळी तिची क्षमा मागितली, तेव्हा कुठे मला प्रार्थना करता आली.

आपले मन हलके का होत नाही, याचे उत्तर मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात आहे. वेदीजवळ अर्पण आणले असता भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, असे प्रभू येशू सांगतो. चूक कोणाची, हा प्रश्न तिथे विचारलेलाच नाही. येशूला भेटलेल्या जक्कय या जकातदाराचेही पाहा : कोणाचे अन्यायाने घेतले असेल तर चौपट परत करीन, असे तो सर्वांसमोर बोलला. त्याच्या पश्चात्तापाला हिशेब होता. वाटणीत भावाचे काही आपल्याकडे राहिले असेल, तर नुसत्या अश्रूंनी ते फिटणार नाही.

राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस होतात. त्यांतले सहा रविवार उपवासात धरत नाहीत, म्हणून आपण चाळीस दिवस म्हणतो. त्यांतलाच एक रविवार ठरवा आणि उपासना आटोपल्यावर भावाकडे जा. त्याने दार उघडले नाही, तर राग न धरता परत या आणि पुढच्या रविवारी पुन्हा जा; क्षमा करणे न करणे त्याच्याकडे आहे, मागणे आपल्याकडे. त्याने आत घेतले, तर वहीत लिहिलेले तेवढेच बोला, ‘पण तूसुद्धा’ हे शब्द तोंडातून जाऊ देऊ नका आणि वाटणीची कागदपत्रे पहिल्या भेटीला बरोबर नेऊ नका.