कपाट विकत घेतलं, पण आतले पैसे कोणाचे?

ताई, तुमचं पत्र लांबलचक आहे, पण त्यातली एकही ओळ वाया नाही. इतरांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते. तुम्ही भांडुपला राहता. नायगावच्या बीडीडी चाळीतली एक खोली रिकामी होत होती, तिथलं जुनं लोखंडी कपाट तुम्ही भंगारवाल्याकडून ४,५०० रुपयांना घेतलंत. लॉकरची चावी नव्हती म्हणून चावीवाला बोलावला आणि लॉकरमधून पोळ्यांचा स्टीलचा डबा निघाला, त्यात १,८६,५०० रुपये, शिवाय बंद झालेल्या हजाराच्या ७ नोटा आणि एका आजींच्या नावाचं पासबुक. सासूबाई म्हणतात घरात आलेली लक्ष्मी परत धाडू नये. मिस्टरांनी मुलाच्या क्लासच्या फीसाठी त्यातले १२,००० उचललेसुद्धा. चावीवाल्याकडून बातमी फुटली आणि आता भंगारवाला अर्धे मागतोय, नाहीतर पोलिसात जाईन म्हणतोय. चाळीतल्या जुन्या शेजारणीकडून तुम्ही आजींचा पत्ता काढलात, फोन त्यांच्या मुलाने घेतला आणि लगेच म्हणाला "हो हो, माझेच आहेत ते, आणून द्या", पण किती आहेत, कशात आहेत हे त्याला सांगता आलं नाही. शेजारीण म्हणते की खोली खाली केली तेव्हा आजी लेकीकडे होत्या, सामान मुलानेच फुंकून टाकलं.

तुमचा पहिला प्रश्न, कपाट माझं तर आतलं माझं का नाही? नाही ताई. सौदा झाला तो कपाटाचा झाला, ४,५०० मध्ये कपाटच घेतलंत आणि कपाटच विकलं गेलं. भंगारवाल्याला आत पैसे आहेत हे माहीत नव्हतं, ते त्याचेही नव्हते, आणि जी वस्तू आपली नाही तिची मालकी आपण दुसऱ्याला विकू शकत नाही, हे १९३० च्या माल विक्री कायद्याचं कलम २७ सांगतं (काही अपवाद आहेत त्याला, पण ते इथे लागू होत नाहीत). इंग्लंडमध्ये १८४१ साली मेरी विरुद्ध ग्रीन म्हणून जवळपास असाच खटला झाला होता, लिलावात घेतलेल्या जुन्या डेस्कच्या चोरकप्प्यात पैशांची पिशवी निघाली, आणि कोर्टाने म्हटलं की नुसता डेस्क विकला असेल तर आतल्या पैशांवर घेणाऱ्याचा हक्क येत नाही. आपल्या कोर्टांवर तो निकाल बंधनकारक नाही पण तर्क तोच लागतो. आणि "टाकून दिलेलं सामान" हा मुद्दाही चालणार नाही, कारण टाकलं ते कपाट, तेही मुलाने. पैशांवरचा हक्क सोडायचा तर आधी ते आहेत हे माहीत असून सोडावा लागतो. आजींनी तसं काही केलेलं दिसत नाही.

मग तुम्ही कोण? १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७१ नुसार दुसऱ्याची वस्तू सापडून जो ती ताब्यात घेतो त्याच्यावर ठेव सांभाळणाऱ्याइतकीच जबाबदारी येते, म्हणजे स्वतःचे पैसे जसे जपाल तसे जपायचे आणि मालकाला परत करायचे. इथवर तुमचं काहीच चुकलेलं नाही, डबा उघडणं, पैसे मोजणं, घरात ठेवणं, मालक शोधणं, यातला कशाचाही गुन्हा होत नाही.

गुन्हा कधी होतो ते आता नीट वाचा आणि मिस्टरांनाही वाचून दाखवा. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४, पूर्वी आयपीसीचं ४०३ होतं तेच, दुसऱ्याची वस्तू बेइमानीने स्वतःसाठी वापरली तर कमीत कमी ६ महिने, जास्तीत जास्त २ वर्षं कैद आणि दंड. जुन्या कायद्यात ही किमान ६ महिन्यांची अट नव्हती, १ जुलै २०२४ पासून आली. सापडलेल्या वस्तूबद्दल त्याच कलमात वेगळं स्पष्टीकरण आहे: मालक कोण हे माहीत असेल किंवा शोधायचा मार्ग हातात असेल आणि तरी वस्तू वापरली तर गुन्हा. उदाहरणंही दिलीत. रस्त्यावर रुपया पडलेला दिसला, कोणाचा ते ठाऊक नाही, उचलला, गुन्हा नाही. रस्त्यावर पत्र सापडलं, आत नोट आहे, पत्रावरून कळतंय ती कोणाची, तरी ठेवून घेतली, गुन्हा आहे. तुमच्या डब्यातलं पासबुक म्हणजे ते पत्रच समजा.

आणि १२,००० चं काय? "पुढच्या महिन्यात भरून ठेवू" असं मिस्टर म्हणतात असं लिहिलंयत, पण याच कलमाचं पहिलं स्पष्टीकरण सांगतं की तात्पुरता केलेला अपहार हाही अपहारच. त्यांच्या मनात काय होतं ते मी ओळखू शकते, महिनाअखेर, क्लासवाल्यांची ताकीद, समोर नोटांचा डबा, भल्या माणसाचाही हात जातो अशा वेळी. पण पासबुकावरचं नाव वाचल्यानंतर उचलले आहेत ना, म्हणून पुढच्या महिन्याची वाट बघायची नाही, याच आठवड्यात, उसने घ्या, भिशीतून घ्या, काहीही करा पण डब्यातली रक्कम पूर्ण करा. आणि आजी भेटतील तेव्हा त्यांना हे सांगून टाका असं मला मनापासून वाटतं. नंतर कोणा तिसऱ्याकडून कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळलेलं बरं.

सगळे पैसे स्वतःच्या खात्यात भरून आजींना ट्रान्सफर करावे का, असं विचारलंयत. करू नका. रोख भरली की ती रक्कम तुमच्या नावावर दिसते, उद्या हे उत्पन्न कुठलं म्हणून विचारलं तर तुम्हीच उत्तर देत बसणार, शिवाय परक्याचे पैसे आपल्या पैशात मिसळलेच कशाला म्हणून शंका येते ती वेगळीच. डबा, रबर, नोटा, पासबुक, जसं सापडलं तसंच ठेवा. फोटो काढा पण फोटो कोणालाही पाठवू नका आणि आकडा कोणालाही सांगू नका. खरा मालक ओळखायची हीच एक खूण तुमच्या हातात आहे.

हजाराच्या जुन्या ७ नोटांबद्दल घाबरू नका. २०१७ च्या कायद्याने बंद नोटा बाळगायला बंदी आहे, पण १० नोटांपर्यंत चालतात. त्याहून जास्त असत्या तर १०,००० रुपये किंवा नोटांच्या दर्शनी किमतीच्या पाचपट, जे जास्त असेल तेवढ्यापर्यंत दंड होऊ शकला असता. फक्त कमिशन घेऊन बदलून देतो म्हणणाऱ्या कुणाच्या नादी लागू नका, त्याही आजींनाच द्या.

आता मुख्य गोष्ट, द्यायचे कोणाला. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात लागलेलं वाक्य म्हणजे "मुलाला देऊन टाकावे आणि मोकळं व्हावं असं वाटतं". मोकळ्या नाही होणार ताई. आई हयात असताना आईच्या पैशावर मुलाचा काडीचा हक्क नसतो, तो मोठा असो, एकुलता एक असो, आई त्याच्याकडे राहात असो. स्वतःच्या कष्टाचे असतील तर ते आजींचेच, आणि नवऱ्याने दिलेले, माहेरून आलेले असले तरी १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचं कलम १४ त्यांना पूर्ण मालक मानतं. तुम्ही मुलाच्या हातात दिलेत आणि उद्या आजी किंवा त्यांची लेक म्हणाली आम्हाला मिळालेच नाहीत, तर जाब तुम्हालाच विचारणार. आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी विचार करा, ज्या बाईने पोळ्यांच्या डब्यात, कुलूपबंद लॉकरमध्ये, घरातल्या कुणाला पत्ता लागू न देता पैसे ठेवले, तिला ते घरात कुणाला माहीत व्हायला नको होते. ते मुलाला सांगायचं की नाही हे आता त्यांनी ठरवायचंय, आपण नाही.

अर्थात पासबुक हा धागा आहे, पुरावा नाही. डबा त्यांचा आणि पैसे आणखी कुणाचे असंही असू शकतं. म्हणून शेजारणीला सोबत घेऊन जा, आजींना एकटं भेटा आणि तुम्ही काही न सांगता त्यांनाच विचारा, कपाटात काही राहिलंय का, कशात होतं, साधारण किती, कुठल्या नोटा. जुन्या हजाराच्या नोटांचं त्यांनी आपणहून सांगितलं तर मग शंका उरत नाही. त्या म्हणाल्या की हे माझ्या नवऱ्याचे होते आणि ते आता नाहीत, तर मात्र गणित बदलतं, मृत्युपत्र नसेल तर बायको, मुलगे, मुली सगळ्यांचे सारखे वाटे, लेकीचाही तितकाच, आणि मग सगळ्यांच्या सह्या घेतल्याशिवाय डबा सोडू नका. मुलगा भेटूच देत नसेल, किंवा आजींना काही आठवत नाही असं तोच परस्पर सांगत असेल, तर लेकीला गाठा, नाहीतर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या हेल्पलाइनला फोन करा.

पोलिसात जायची भीती वाटते म्हणता, ती मला कळते. डबाच नेऊन दिलात तर रक्कम मुद्देमालात जाईल, मॅजिस्ट्रेटला रिपोर्ट जाईल आणि म्हाताऱ्या आजींना ती सोडवायला कोर्टात अर्ज करावा लागेल. मुद्देमाल पोलिसांकडे १५ दिवस ते महिन्याहून जास्त पडून राहू नये असं सुप्रीम कोर्टाने २००२ मध्येच सुंदरभाई देसाई प्रकरणात म्हटलंय, पण प्रत्यक्षात तो तसा पडलेला मी रोज बघते. मालकाचा पत्ताच नसता तर मी तुम्हाला पोलिसातच पाठवलं असतं, तिथे ६ महिन्यांची मुदत देऊन जाहीर सूचना निघते आणि कुणीच आलं नाही तर रक्कम सरकारजमा होते, ज्याला सापडली त्याला मिळत नाही. इथे मालक माहीत आहे, म्हणून पैसे नेऊ नका, फक्त पत्र द्या. कपाट कधी घेतलं, लॉकर कोणासमोर उघडला, काय काय निघालं (पूर्ण रक्कम लिहा, १,८६,५०० च), पासबुकावर कोणाचं नाव आहे आणि आम्ही ते त्यांना परत करतोय, बस इतकंच. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारीख घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.

हे पत्र गेलं की भंगारवाल्याच्या धमकीत दम उरत नाही. त्याचा अर्धा सोडा, एक रुपयाचाही हक्क नाही. तक्रार करीन अशी भीती घालून पैसे मागणं हा उलट खंडणीचा प्रकार ठरू शकतो, न्याय संहितेचं कलम ३०८. परत फोन आला तर एवढंच सांगा की पोलिसांना लेखी कळवलंय, आणि मेसेज आले तर डिलीट करू नका.

पैसे देताना पावती घ्या: आजींची सही किंवा अंगठा, दोन साक्षीदार, त्यातली एक शेजारीण चालेल, रक्कम आकड्यात आणि अक्षरात, जुन्या नोटा आणि पासबुक वेगळं नमूद करून. आजींना चालता येत असेल तर हे सगळं त्यांच्या बँकेतच करा, त्या स्वतः खात्यात भरतील आणि घरी जाताना हातात रोकड राहणार नाही. पण एटीएम कार्ड मुलाकडे आहे का ते त्यांना आधी विचारून घ्या.

बक्षीस मागता येईल का, हे तुम्ही विचारलं नाहीत, सासूबाईंनी विचारायला सांगितलंय असं दिसतं. बक्षीस आधी जाहीर झालेलं असेल आणि तुम्हाला ते माहीत असेल तरच त्यावर दावा लागतो. १९१३ मध्ये अलाहाबाद हायकोर्टात लालमन शुक्ल नावाच्या नोकराने मालकाचा हरवलेला पुतण्या शोधून आणला, पण बक्षीस जाहीर झाल्याचं त्याला निघताना माहीत नव्हतं म्हणून दावा फेटाळला गेला. इथे तर कुणी काही जाहीरच केलेलं नाही. मालक शोधायला आणि वस्तू सांभाळायला झालेला खर्च मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवायची मुभा करार कायद्याचं कलम १६८ देतं, पण तुमचा खर्च म्हणजे भांडुप ते नायगाव लोकलचं भाडं, आणि चावीवाला तुम्ही स्वतःच्या कपाटासाठी बोलावला होता. त्यासाठी डबा अडवू नका. आजींनी खुशीने काही हातावर ठेवलं तर ते घ्यायला कायद्याची आडकाठी नाही, फक्त आधी पूर्ण १,८६,५०० त्यांच्या हातात, पावती झालेली, आणि मग त्यांनी दिलं तर.