वाचकांचे प्रश्न : नवी कौले, तरी गळती

प्रश्न : कोकणातल्या घरावर गेल्या वर्षी नवी मंगलोरी कौले घातली, तरी गळते. सुतार कौलांना दोष देतो, विक्रेता सुताराला. यंदा शाकारताना काय तपासावे?

उत्तर : दोघांचेही तपासा, आणि नवी कौले गाडीतून उतरवून घेण्यापूर्वीच.

प्रत्येक गाडीतली पाच-सहा कौले काढा. बोटाच्या पेराने वाजवून पाहा : खणखणीत आवाज हवा. बद्द आवाज म्हणजे चीर किंवा कच्ची भाजणी. मग कोरडे कौल वजन करून २४ तास पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा तोला. मंगलोरी कौलांसाठीच्या भारतीय मानक ६५४ प्रमाणे वरच्या 'एए' वर्गात वजनवाढ १८ टक्क्यांपर्यंत, 'ए' वर्गात २० टक्क्यांपर्यंत चालते. म्हणजे अडीच किलोचे कौल ४५० ग्रॅमपेक्षा जास्त पाणी प्यायले, तर ते 'एए' नव्हे. वाकडी कौलेही परत करा. त्यांच्या खाचा एकमेकींत बसत नाहीत आणि वाऱ्याचा पाऊस तिथूनच आत येतो.

आता रिपा, म्हणजे वाशांवर आडव्या ठोकलेल्या, कौले टेकवायच्या पट्ट्या. बरीच गळती इथली असते. जुन्या छपराचे माप नव्या कौलांना लावू नका, कारखान्यागणिक लांबी बदलते. अकरा कौले एका ओळीत जोडून आधी ताणून, मग दाबून मांडा. दोन्ही वेळा पहिल्याच्या नाकापासून (रिपेला अडकणाऱ्या उंचवट्यापासून) अकराव्याच्या नाकापर्यंत मोजा. दोन्ही मापांच्या सरासरीला दहाने भागले की रिपांमधले अंतर मिळते. तेवढ्या लांबीचा ठोकळा कापून ते प्रत्येक वाशावर तपासा. अंतर जास्त झाले की वरचे कौल खालच्यावर पुरेसे चढत नाही.