आकडा बरोबर होता, मॉडेल चुकलेलं होतं

मार्च जवळ आला की माझ्याकडे समुपदेशनासाठी एक ठरावीक तक्रार घेऊन येणारे वाढतात. कुणी सीए असतं, कुणी एमबीए होऊन नुकतंच कामाला लागलेलं, कुणी वडिलांच्या कारखान्यासाठी बँकेचा प्रोजेक्ट रिपोर्ट करणारा मुलगा. बोलणं एकच: “एक्सेलचं मॉडेल पूर्ण झालंय, टॅलीही होतंय, पण पाठवायचा धीर होत नाही. आणि पाठवलं की झोप लागत नाही.” (मॉडेल म्हणजे धंद्याचे पुढच्या काही वर्षांचे आकडे सूत्रांनी मांडणारी फाइल.) घरचे म्हणतात, एखादा चांगला कोर्स कर, आत्मविश्वास येईल. बहुतेकांचे कोर्स झालेले असतात. शॉर्टकट तोंडपाठ, भीती जशीच्या तशी.

समुपदेशनात येण्याआधी मी बँकेच्या कर्ज विभागात होते. सीएमए डेटाच्या, म्हणजे कर्ज मागताना बँकेला द्यायच्या आकडेवारीच्या, फायली वाचण्यात बरीच वर्षं गेली. त्यामुळे डीएससीआर (फेडीसाठी हाताशी असलेला पैसा भागिले त्या वर्षीचा हप्ता आणि व्याज, म्हणजे कर्ज फेडायची ऐपत) या मंडळींना मला समजावून सांगावा लागत नाही. (आणि मला गुंडाळताही येत नाही.)

या सगळ्यांसाठी एका मुलीची गोष्ट सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत, आकडे सोपे केलेत.

मुलगी सांगलीकडची, सीए, पुण्यातल्या एका सल्लागार फर्ममध्ये नोकरीला. कर्जप्रकरणांची मॉडेल्स बनवणं हेच काम. एकदा मीटिंगमध्ये बँकेच्या अधिकाऱ्याने साहेबांसमोर तिला विचारलं, “मोरॅटोरियमच्या वर्षाचं व्याज कुठे धरलंय?” मोरॅटोरियम म्हणजे मुद्दलाचा हप्ता नसलेला सुरुवातीचा काळ, व्याज त्यातही चालू असतं. ते तिने धरलंच नव्हतं. सूत्र कॉपी करताना पहिल्या वर्षाचा कॉलम सुटला होता. पाच मिनिटांत दुरुस्त झालं, कर्जही मंजूर झालं. तिच्या मनात मात्र ती मीटिंग संपली नव्हती.

“फाइल पाठवण्याआधी काय काय करतेस?” मी विचारलं.

“प्रत्येक सेलमधलं सूत्र एफ-टू दाबून बघते. मग प्रिंट काढून बघते. मग परत स्क्रीनवर. काल तर रात्री दोन वाजता मोबाइलवर उघडली.”

“किती वेळा बघितल्यावर खात्री पटते?”

ती बराच वेळ गप्प राहिली. “पटतच नाही, मॅडम. जितकं जास्त बघते तितकं, हे मघाशी बघितलं होतं का नाही, तेच कळेनासं होतं.”

हा तिचा दोष नव्हे. मार्सेल व्हॅन डेन हाउट आणि मेरेल किंड्ट या डच मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना कॉम्प्युटरवरच्या गॅसच्या शेगडीची बटणं पुन्हा पुन्हा तपासायला लावली. शेवटी आपण काय तपासलं हे त्यांना ठीक आठवत होतं. पण त्या आठवणीवरचा त्यांचा विश्वास ढासळला होता आणि आठवण पुसट झाली होती. तपासण्यातूनच शंका वाढते, आणि शंका आली की माणूस पुन्हा तपासतो. हे ऐकल्यावर तिचे खांदे जरा सैल झाले.

माझा कल अल्बर्ट एलिसकडे आहे, हे माझ्याकडे येणाऱ्यांना लवकरच कळतं. त्रास घटनेपेक्षा तिच्याबद्दल मनात धरलेल्या हट्टी वाक्यातून होतो, असं हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मानत. तिचं मूळ वाक्य काढायला वेळ लागला. “मॉडेल बिनचूक असावं” हे ते वाक्य नव्हतंच, तसं तर सगळ्यांनाच वाटतं. ते होतं, “माझ्या मॉडेलमध्ये चूक असताच कामा नये, असली तर मी सीए म्हणवून घ्यायच्या लायकीची नाही.” पहिल्या वाक्याने माणूस चूक शोधायला बसतो. दुसऱ्याने ती सापडू नये म्हणून झटतो. हे मी तिला सांगितलं, तिने मान हलवली. पण पटणं आणि दिसणं यात अंतर असतं. म्हणून तिला म्हटलं, पक्षकाराचं नाव काढून एखादी फाइल घेऊन ये.

फाइल देखणी होती. मी जुन्या सवयीने दोनच ठिकाणी बोट ठेवलं. जवळजवळ प्रत्येक सूत्र इफएररमध्ये गुंडाळलेलं, म्हणजे काही बिघडलं तर एक्सेलने ओरडायचं नाही, मुकाट्याने शून्य दाखवायचं. आणि ताळेबंदात ‘इतर चालू मालमत्ता’ या ओळीत सूत्र होतं: एकूण देणी वजा बाकी सगळी मालमत्ता, म्हणजे काहीही चुकलं तरी दोन्ही बाजू जुळणारच.

“हा ताळेबंद जुळतोय की जुळवलाय?”

तिचा चेहरा पडला. “एका प्रकरणात थोडा फरक येत होता. मीटिंगनंतर लगेचच होतं. मग तीच फाइल पुढे वापरत गेले.”

“आणि हे इफएरर?”

“स्क्रीनवर एरर दिसला की पोटात गोळा येतो.”

मी तिथेच थांबले, कारण या कामात असे क्षण वारंवार येत नाहीत. या मुलीला मॉडेल बनवता येत नव्हतं असं अजिबात नाही. ते तिच्या भीतीने बनवलं होतं. चूक सांगू शकतील अशा सगळ्या जागा तिने स्वतःच्या हाताने बंद केल्या होत्या आणि मग चूक नाही याची खात्री डोळ्यांकडे मागत होती. इतकी वर्षं कर्जाच्या फायली वाचूनही मला हे असं कुठल्या फायलीत दिसलं नव्हतं. ते दिसायला खुर्ची बदलावी लागली.

मी तिला एक कोरा कागद दिला. “आता ही फाइल मुद्दाम मोडायची. कर्जाच्या जागी शून्य टाकायचं. पण एंटर दाबण्याआधी काय काय व्हायला हवं ते कागदावर लिही.”

प्रकरण असं होतं: कर्ज २.१० कोटी, व्याज १० टक्के, पहिलं वर्ष मोरॅटोरियम, मग ३५ लाखांचे सहा वार्षिक हप्ते. तिने लिहिलं: हप्ते शून्य, सातही वर्षांचं व्याज शून्य. एंटर दाबलं. हप्ते शून्य झाले, व्याजही झालं. तिसऱ्या वर्षाचं सोडून. तिथे १७,५०,००० तसेच उभे.

ती पुढे वाकली. सेलमध्ये सूत्र नव्हतंच, टाइप केलेला आकडा होता. मग तिला आठवलं: सर्क्युलर रेफरन्सचा (सूत्र फिरून स्वतःवरच अवलंबून असल्याचा) इशारा सारखा येत होता, तो घालवायला एका रात्री आकडा टाकला, सूत्र नंतर घालू म्हणून राहून गेलं. पण गंमत पुढेच आहे. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला १.७५ कोटी कर्ज शिल्लक, त्याचे १० टक्के साडेसतरा लाखच होतात. म्हणजे आकडा बरोबर होता! प्रिंट काढून शंभरदा बघितला असता तरी तिला काही वावगं दिसलं नसतं. बँकेने कर्ज २.१० ऐवजी १.८० कोटी मंजूर केलं असतं, तर मात्र मॉडेल गप्पपणे खोटं बोललं असतं.

खाली डीएससीआरची ओळ होती. तिसरं वर्ष सोडून सगळीकडे शून्य. “कर्जच नाही,” ती सावकाश म्हणाली, “आणि माझं मॉडेल म्हणतंय की फेडायची ऐपत शून्य.” भागाकारात शून्य आल्यावर जो एरर दिसायला हवा होता तो इफएररने गिळला होता. आणि मग ती हसायला लागली. चूक सापडल्याचा आनंद तिला बहुधा पहिल्यांदाच होत होता. “अजून काय मोडू?”

पुढचं बरंचसं तिने स्वतःच केलं. ज्यांना हवं त्यांच्यासाठी सांगते. गृहीतकं वेगळ्या शीटवर, निळ्या अक्षरांत. सूत्रांच्या मध्ये टाइप केलेला आकडा नको. ओळीत एकच सूत्र, पहिल्या वर्षापासून शेवटपर्यंत तेच. पाचव्या वर्षापुरतं वेगळं सूत्र लागलं तर ती ओळच वेगळी करा. शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही, म्हणून एक्सेलच्या गो टू स्पेशलमधून कॉन्स्टंट्स निवडा. टाइप केलेले आकडे लपले असतील तिथे उजळतात. लाख आणि रुपये एकाच शीटवर नांदवू नका. या एका गोष्टीने किती भले लोक गोत्यात आलेले मी बँकेत पाहिलेत! तपासण्या फाइलमध्येच लिहा: मालमत्ता वजा देणी, रोख प्रवाहातली अखेरची रोख वजा ताळेबंदातली रोख, शेवटच्या वर्षी कर्जाची शिल्लक. तिन्ही शून्य. दशांशाच्या दहाव्या घरात काहीबाही दिसलं तर घाबरू नका, राउंड लावा. आणि फरक आला तर तो ‘इतर’मध्ये ढकलू नका, उघडा राहू द्या.

सगळ्यात जड गेलं ते फाइल दुसऱ्याला दाखवणं. तेव्हा मी तिला राइनहार्ट आणि रोगॉफ यांची हकिकत सांगितली. सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलेल्या देशांची सरासरी आर्थिक वाढ उणे ०.१ टक्का, असं या दोन नामवंत अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये मांडलं. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला ते आकडे जुळेनात. त्याने शीट मागितली, त्यांनी दिली, आणि सरासरीच्या सूत्रातून पाच देश सुटल्याचं दिसलं. ते देश, गाळलेली वर्षं आणि भारांकन (सरासरीत कुणाला किती वजन) असं सगळं धरून त्याच्या चमूचा आकडा २.२ टक्के आला. सूत्रातली चूक दोघांनी मान्य केली, बाकीचं नाही. ही गोष्ट सहसा भीती घालायला सांगतात. मला त्यात दुसरंच दिसतं: शीट मागितल्यावर त्यांनी दिली.

तिने फाइल शेजारच्या टेबलावरच्या ज्युनिअरला दिली. म्हणाली, “मोडून दाखव.” त्याने घसाऱ्यातली एक गडबड काढली: कंपनी कायद्याचा आणि आयकराचा घसारा एका जागी उलटसुलट झाला होता. त्या संध्याकाळी तिचा मेसेज आला, “पोटात गोळा आला. पण जेवले.”

पाठवल्यानंतर तासाभराने एकदा फाइल उघडायची सवय तिची अजून आहे. मी ती सोडवायच्या मागे नाही.

एक मात्र बघा. हेच तपासणं घरी गॅस, कडीकुलूप, धुतलेले हात इथवर पसरलं असेल आणि दिवसाचे तास खात असेल, तर एक्सेल शिकून किंवा माझ्यासारखीकडे गप्पा मारून भागणार नाही. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. कुठे जावं सुचत नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. मराठीतही बोलता येतं.